ग्रंथवर्गीकरण व मांडणी

ग्रंथालयातील पुस्तके विषयवार लावून प्रत्येकाला रांगेतील जागा ठरवून देण्याची पद्धत. पूर्वी पुस्तकावर कपाटाचा आणि फळीचा क्रमांक घालत. संग्रह वाढून कपाटे हलली की ते सगळे क्रमांक निकामी होत. अमेरिकेतील ॲम्हर्स्ट कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या मेलविल ड्यूई यांनी १८७६ साली दशांश पद्धती प्रसिद्ध केली आणि अंक कपाटाऐवजी विषयाला दिला. पुस्तक कोणत्या फळीवर आहे हे असा अंक सांगत नाही. ते कोणाच्या पुढे आणि कोणाच्या मागे, एवढेच सांगतो. त्यामुळे मध्ये कितीही नवी पुस्तके आली तरी क्रम बिघडत नाही.

ड्यूईंनी ज्ञानाचे ००० ते ९०० असे दहा वर्ग पाडले. ३०० समाजशास्त्रे, ५०० विज्ञान, ८०० साहित्य, ९०० इतिहास-भूगोल, अशी ती वाटणी. पुढचा प्रत्येक अंक विषय आणखी बारीक करतो. ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, त्यात ८९१.४६१ कविता, ८९१.४६२ नाटक, ८९१.४६३ कथा-कादंबरी. मराठी भाषेवरचे पुस्तक मात्र ४९१.४६ मध्ये आणि महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ मध्ये.

नवखा वाचक हमखास चुकतो तो दशांशचिन्हापाशी. ८९१.४६३ हे ८९१.४७ च्या, म्हणजे गुजराती साहित्याच्या, आधी लागते. चिन्हानंतरचे आकडे ‘चारशे त्रेसष्ट’ आणि ‘सत्तेचाळीस’ असे न वाचता डावीकडून एकेक ताडायचे. पुस्तकाच्या कण्यावरील चिठ्ठीत वर हा वर्गांक आणि खाली बहुधा लेखकाच्या आडनावाची आद्याक्षरे असतात. दोन्ही मिळून बोधांक होतो. दाखलांक निराळा: तो केवळ पुस्तक ग्रंथालयात कितवे आले ते दाखवतो. रांग डावीकडून उजवीकडे आणि वरच्या फळीवरून खाली वाचतात. एक कपाट संपले की शेजारचे.

खरी अडचण अशी की पुस्तक एकाच जागी ठेवता येते, विषय मात्र अनेक ठिकाणी विखुरतो. उसाची लागवड ६३३.६१ मध्ये, साखर बनवण्याचे तंत्र ६६४.१ मध्ये, तर सहकार ३३४ मध्ये. सहकारी साखर कारखान्यांचा अभ्यास करणाऱ्याला तिन्हीकडे फिरणे भागच आहे. हे विखुरलेले धागे एकत्र दाखवावेत म्हणून ड्यूईंनी आपल्या ग्रंथाला अकारविल्हे सूची जोडली. ग्रंथपालाच्या दृष्टीने ती वर्गांकांच्या तक्त्यांइतकीच मोलाची आहे.

धर्माच्या वर्गात हा आराखडा उघडच एकांगी आहे. २२० ते २८० हा सगळा पट्टा ख्रिस्ती धर्माला दिलेला. हिंदू धर्म २९४.५ मध्ये कोंबलेला. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ साली निराळीच वाट काढली. तयार अंकांची यादी देण्याऐवजी विषयाचे पैलू सुटे करायचे आणि विरामचिन्हांनी जोडून हवा तो अंक घडवायचा, ही त्यांची कोलन पद्धती. बौद्धिकदृष्ट्या ती ड्यूईंच्या पद्धतीहून सरस. वापरात मात्र ड्यूईंचीच पद्धत अधिक रुळली. त्याआधी बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावले होते. त्यांनी संस्थानच्या ग्रंथालयांसाठी स्वतंत्र वर्गीकरण केले.

मुक्तप्रवेश असलेल्या, म्हणजे वाचकाला स्वतः फळीवरून पुस्तक घेता येते अशा, ग्रंथालयांत वाचून झालेले पुस्तक फळीवर परत न ठेवता टेबलावरच राहू द्या, असे सांगतात. एका फळीने चुकलेले पुस्तक तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकयादीत, ‘उपलब्ध’ दिसते आणि सापडत मात्र नाही. म्हणून कर्मचारी ठरावीक काळाने रांगा अंकवार तपासतात.