टिनिटस, स्ट्रेसचे मार्कर आणि थेरपी

बाहेर काहीच वाजत नसताना कानात किंवा डोक्यात जो आवाज येत राहतो त्याला टिनिटस म्हणतात. आयुर्वेदातला शब्द कर्णनाद, आणि आपल्याकडे लोक सरळ "कान वाजतात" असंच सांगतात. कुणाला रातकिडे, कुणाला बारीक शिट्टी, कुणाला नुसतं सूं सूं. तीन महिन्यांच्या वर राहिला की क्रॉनिक, म्हणजे जुनाट, धरतात (अमेरिकेतले डॉक्टर सहा महिने धरतात). 2022 च्या एका जागतिक आढाव्यात साधारण 14 टक्के मोठ्या माणसांना हे जाणवतं असं निघालं, पण जबर त्रास असणारे 2 टक्क्यांच्या आसपास, आणि स्ट्रेस, थेरपी वगैरे सगळी चर्चा या दुसऱ्या लोकांबद्दलच आहे.

कारणं बरीच. वय, कानातला मळ, काही औषधं (जेंटामायसिन, सिस्प्लॅटिन, जास्त डोसची ॲस्पिरिन) आणि मोठा आवाज. मारबतीच्या नाहीतर गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर दोन तास नाचून आल्यावर रात्री कान वाजतात ना, ते बहुतेक वेळा एक-दोन दिवसात जातं, पण दरवर्षी तेच केलं तर कानाच्या आतल्या, आवाज पकडणाऱ्या केसपेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत. मग कानाकडून कमी सिग्नल येतो म्हणून मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवतो आणि त्यातूनच हा आवाज तयार होतो, असं सध्या मानलं जातं.

नागपूरकरांना हे कूलरवरून लगेच समजतं. मार्चपासून जूनपर्यंत खिडकीत कूलर घरघरत असतो, पंप चालू, ताट्यांवरून पाणी टपटप, अन् त्या आवाजात माणूस गाढ झोपतो. पाऊस लागला, कूलर बंद झाला, आणि पहिल्याच शांत रात्री दोन वाजता शिट्टी ऐकू येते. माणूस घाबरतो, वाटतं आजार वाढला. वाढलेलं काही नसतं, झाकण निघालेलं असतं. 1953 मध्ये अमेरिकेत चांगल्या कानाच्या 80 लोकांना आवाजबंद खोलीत बसवलं तर 94 टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं होतं! म्हणून ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ) रात्री हळू आवाजात पंखा किंवा पावसाचं रेकॉर्डिंग लावायला सांगतात.

आता स्ट्रेस. आवाज आला, मेंदूने त्याला धोका ठरवलं, शरीर अलर्ट झालं, झोप उडाली, आणि जागं राहिल्यावर लक्ष पुन्हा त्याच आवाजावर. टिनिटसचे संशोधक यास्ट्रेबॉफ यांनी 1990 मध्ये मांडलेलं मॉडेल साधारण असंच आहे. हा ताण मोजायला संशोधक शरीरातल्या खुणा, म्हणजे मार्कर, तपासतात; त्यातलं मुख्य म्हणजे कॉर्टिसॉल, ताणात वाढणारं हार्मोन. लाळेतलं कॉर्टिसॉल उठल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात वर जातं आणि दिवसभर उतरतं, म्हणून एकाच सँपलवर काही ठरत नाही. कॉर्टिसॉल केसातही साठतं, आणि केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे टाळूजवळचे तीन सेंटीमीटर कापले की तीन महिन्यांचा हिशोब मिळतो. लाळेतलं अल्फा अमायलेज (ताणात वाढणारं एन्झाइम) आणि रक्तातलं बीडीएनएफ (मेंदूच्या पेशींना जपणारं प्रोटीन) हेही तपासतात. पण निकाल एका दिशेने जात नाहीत. 2007 च्या कॅनडातल्या एका अभ्यासात टिनिटसवाल्यांचं कॉर्टिसॉल ताण दिल्यावर उलट कमीच वाढलं, म्हणजे सिस्टिम थकल्यासारखी वागली. त्यामुळे कान वाजतात म्हणून पॅथॉलॉजीत जाऊन कॉर्टिसॉल करून घेण्यात माझ्या मते पैसे वाया जातात. ती टेस्ट मुळात ॲड्रिनल ग्रंथीच्या आजारांसाठी आहे.

त्रास मोजायचा तर 25 प्रश्नांचा टीएचआय (टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी) फॉर्म बरा, 0 ते 100 मार्क, जितके जास्त तितका त्रास. "काकाजी, याला इलाज नाही, सवय करून घ्या" हे वाक्य ओपीडीत फार ऐकू येतं, आणि ते अर्धंच खरं आहे, कारण सवय कशी करायची हे कुणी सांगत नाही. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी थेरपी, त्यात तेच शिकवतात. "हा आवाज वाढत जाणार, मी वेडा होणार" हा विचार कागदावर लिहायचा, त्याला पुरावा काय ते बघायचं, झोपेची वेळ बांधायची, आवाजाच्या भीतीने सोडलेलं देवळात जाणं, लग्नाला जाणं हळूहळू परत सुरू करायचं. लक्ष हलवायचा सराव पण असतो: कानातून पंख्याकडे, पंख्याकडून बाहेरच्या साळुंकीकडे, आणि परत.

2020 च्या कॉक्रेन (अभ्यास एकत्र करून तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आढाव्यात 28 अभ्यास आणि 2733 लोक होते. थेरपी न मिळता नुसतं वेटिंग लिस्टवर असणाऱ्यांपेक्षा सीबीटीवाल्यांचा टीएचआय साधारण 11 मार्कांनी कमी आला, आणि 7 चा फरकही कामाचा धरतात. आवाजाच्या मोठेपणात मात्र 2010 च्या आढाव्यात फरक दिसला नव्हता. शिट्टी तेवढीच, पण माणूस तिच्यासकट झोपायला लागतो.

नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलांच्या कान-नाक-घसा ओपीडीपासून सुरुवात करता येते, आधी मळ आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी), मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. मन फारच खचलं असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मराठीतही चालतो. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्यासोबत धडधडत असेल तर थेरपीच्या आधी तपासणी, आणि ऐकू येणं अचानक कमी झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, कारण स्टेरॉइडचा फायदा व्हायचा असेल तर तो सुरुवातीच्या दिवसांतच होतो.