ईअर ऑफ पेरिल, द

अमेरिकन चित्रकार टॉमस हार्ट बेंटन (१८८९–१९७५) याची दुसऱ्या महायुद्धकाळातील प्रचारचित्रमालिका (१९४१–४२). नावाचा अर्थ ‘संकटाचे वर्ष’. ग्रँट वुड, जॉन स्टुअर्ट करी व बेंटन हे प्रादेशिकतावादाचे प्रमुख चित्रकार. मध्यपश्चिमेतील शेते, गावे आणि कष्टकरी माणसे रंगवणाऱ्या या संप्रदायाचा राजकीय प्रचाराशी असा थेट संबंध क्वचितच आला.

७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बर या अमेरिकी नाविक तळावर जपानचा हल्ला झाला, तेव्हा बेंटन व्याख्यानदौऱ्यावर होता. दौरा अर्धवट टाकून तो कॅन्झस सिटीला परतला आणि सुमारे सहा आठवड्यांत त्याने आठ चित्रे पुरी केली. शिकागोजवळच्या ‘ॲबट लॅबोरेटरीज’ या औषध कंपनीने ती विकत घेतली. एप्रिल १९४२ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे प्रदर्शन भरले. छापील प्रतीही वाटल्या गेल्या.

मालिकेतील चित्रसंख्येविषयी एकवाक्यता नाही. ‘स्टारी नाइट’, ‘अगेन’, ‘इंडिफरन्स’, ‘कॅज्युअल्टी’, ‘द सोअर्स’, ‘द हार्वेस्ट’, ‘इन्व्हेजन’ व ‘एक्सटर्मिनेट!’ ही आठ निर्विवाद. ‘नीग्रो सोल्जर’ व ‘एम्बार्केशन : प्रिल्यूड टू डेथ’ धरून काही जण दहा मोजतात. यांपैकी दुसरे चित्र ब्रुकलिनच्या गोदीत जहाजावर चढणाऱ्या फौजांच्या रेखाटनांवरून घडले. त्यात मूळ आठांतला रूपकात्मक थयथयाट नाही, डोळ्यांनी पाहिलेले दृश्य आहे. म्हणून ही दोन पुरवणी मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

शैलीच्या उगमाबाबतही मतभेद आहेत. ‘अगेन’मध्ये क्रूसावरील ख्रिस्ताला अक्ष राष्ट्रांचे (जर्मनी, इटली व जपान) सैनिक भाला भोसकतात, वरून विमान गोळ्या झाडते. ‘द सोअर्स’मध्ये फ्रेंच चित्रकार मिलेच्या चित्रातील पेरणाऱ्या शेतकऱ्याच्या जागी राक्षसी देह येतो आणि बियाण्याऐवजी कवट्या पेरतो. अशा प्रतिमांत काहींना अतिवास्तववादाची (स्वप्नवत, विसंगत प्रतिमा रंगवणाऱ्या कलापंथाची) छाया दिसते. मात्र पिळवटलेले देह आणि फुगीर-खोलगट आकारांची लय बेंटनच्या १९३०–४० या दशकातील भित्तिचित्रांतच सापडते. बाकीचे ऋण जुन्या ख्रिस्ती धर्मचित्रांचे असावे. शत्रूचे, विशेषतः जपान्यांचे, वांशिक विद्रूपीकरण आज खटकते. शेतकऱ्याचा पेरा असा उलटा करणे मात्र प्रादेशिकतावाद्यालाच सुचावे.

मूळ चित्रे मिसूरी राज्य ऐतिहासिक संस्थेच्या संग्रहात आहेत.