करवंटीतला चहा

गोव्यातल्या पेडण्यात आमच्या शेजारच्या वाड्यावर एक म्हातारी राहत असे. तिला चहा द्यायचा तो करवंटीत, आणि तीही पडवीच्या कडेला ठेवून द्यायची, अशी घरोघरची रीत होती. तिला रक्तपिती (म्हणजे कुष्ठरोग) झाली आहे, एवढेच मोठी माणसे दबक्या आवाजात सांगत. देवळात कौल लावून झाला होता, घाडी म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे जाऊन झाले होते, अंगारा आणि तीर्थ घेऊन झाले होते. करवंटी मात्र शेवटपर्यंत सुटली नाही.

तिची बोटे झडली असे लोक म्हणत, पण कुष्ठरोगात बोटे आपोआप झडत नाहीत. डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये नॉर्वेत शोधलेला या रोगाचा जंतू शरीराच्या थंड भागांतील मज्जातंतूंच्या आवरणपेशींत शिरतो. त्याची संख्या दुप्पट व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, त्यामुळे लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच, क्वचित वीस वर्षेही जातात. फिकट चट्ट्यावर कापसाचे टोक फिरवले तरी ते जाणवत नाही. चुलीवरचा टोप उतरवताना हात भाजतो, पण दुखत नाही. मग जखम चिघळते, हाड झिजते आणि बोट आखूड होते. मुळात बहुतेक माणसांची प्रतिकारशक्ती या जंतूला दाद देत नाही.

तरीही हा रोग पापाचे फळ मानला गेला. कृष्णपुत्र सांबाला शापाने कुष्ठ झाले आणि सूर्योपासनेने ते गेले, ही पुराणकथा त्याच समजातली. औषधाचा शोधही आपल्याकडे जुनाच आहे: सुश्रुतसंहितेतील तुवरक या औषधी झाडाच्या कुळातला कडू कवठ पश्चिम घाटात ओढ्याकाठी वाढतो, आणि अशा झाडांच्या बियांचे तेल १९४० च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत जगभर वापरले जात होते.

या पार्श्वभूमीवर वाराणसीचे अघोरी साधू मला फार महत्त्वाचे वाटतात. अघोरी संत किनारामांच्या परंपरेत घृणा हेच मोठे बंधन मानले आहे, आणि ते तोडण्यासाठी साधक जगाने टाकलेल्या वस्तूंजवळ, अगदी स्मशानातही, जाऊन बसतो. याच परंपरेतले अवधूत भगवान राम यांनी १९६१ मध्ये सर्वेश्वरी समूह या संस्थेची स्थापना केली आणि ही साधना स्मशानातून समाजाने टाकलेल्या माणसांकडे वळवली. गंगेपलीकडे पडाव येथे त्यांचा कुष्ठसेवा आश्रम उभा राहिला. ज्याच्या सावलीलाही लोक टाळत, त्याला शिवणे हीच तिथे उपासना ठरली. मात्र साधू आपले पाप शोषून घेतो या भावनेने जर रुग्ण येत असेल, तर रोग म्हणजे पाप ही समजूत तशीच शाबूत राहते, हेही मान्य केले पाहिजे.

गोव्यात जीवाणुशास्त्रज्ञ फ्रोइलानो द मेलो यांच्या पुढाकाराने सासष्टीतील माकाझन येथे कुष्ठालय उभे राहिले. त्या काळी रोग्याला वेगळे ठेवणे हाच उपाय मानला जाई. आता त्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचारात रिफाम्पिसिनच्या पहिल्याच मात्रेने बहुतांश जंतू मरतात, रुग्णापासून लागण होण्याचा धोका लवकरच संपतो, आणि सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पूर्ण होतो. गोळ्या सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतात. असे असूनही देशाच्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ पर्यंत लिहिलेले होते.