मांड्या भरून आल्या की गुडघा धरला?

पंढरपूरची सायकल वारी असो की नाशिकहून सापुतारा करून परत येणं, पहिल्यांदा निघणारा माणूस सराव सुरू केल्यावर दुसऱ्याच आठवड्यात विचारतो, "पाय दुखतायत, चालवू की थांबू?" मी उलट विचारतो, नेमकं कुठे आणि कधी?

अंजनेरीचा गड उतरून आलेल्यांना पहिलं दुखणं, म्हणजे मांड्या भरून येणं, ठाऊक असतं. त्या दिवशी फारसं काही जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलू लागतात. उतारावर स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलतो, त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. 24 ते 72 तासांत हे दुखणं शिगेला पोचतं आणि साधारण आठवड्यात जातं. लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळे पाय दुखतात, असं अजूनही सर्रास सांगतात. पण ते तासाभरात निवळलेलं असतं. दोन्ही पाय सारखेच दुखतात, दाबलं की कळ येते आणि हलकं पेडल मारलं की वीसेक मिनिटांत मोकळं वाटतं. अशा वेळी खुशाल सायकल काढा, फक्त सावकाश चालवा.

पेडल मारताना मात्र स्नायू आखडत आखडत जोर लावतो. त्यामुळे नुसत्या सायकलीने मांड्या गड उतरल्यासारख्या भरून येत नाहीत. सायकलवाल्याला सतावतो तो गुडघा, आणि त्याचं दुखणं अगदी वेगळं. बहुतेकदा एकाच पायाला, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी, चालवतानाच सुरू होतं आणि किलोमीटरगणिक वाढतं. वाटीच्या पुढे दुखत असेल तर सीट खाली असण्याची शक्यता जास्त. मागच्या बाजूला दुखत असेल तर सीट वर गेलेली असते. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल सगळ्यात खाली असताना पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. दुसरं कारण जड गिअर. चढावर गिअर न बदलता रेटत राहिलं की सगळा भार गुडघ्यावर येतो. सपाटीला मिनिटाला 80-90 फेऱ्या पडतील असा हलका गिअर ठेवा.

इथे बरेच जण फसतात. दम काही आठवड्यांत वाढतो, पण स्नायूबंध, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, तयार व्हायला महिने लागतात. छाती "चल" म्हणते म्हणून अंतर एकदम दुप्पट करू नये, हे मी कळकळीने सांगतो.

निघण्याच्या महिनाभर आधी शनिवारी नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून त्र्यंबकला जाऊन या, साठेक किलोमीटर होतील. रविवारी पुन्हा तोच रस्ता. रविवारी पाय जड वाटून मग सुटले, तर तयारी चांगली चालली आहे. तीच जागा शनिवारपेक्षा लवकर दुखू लागली, तर परत फिरा, सीट तपासा आणि आठवडाभर अंतर निम्मं करा. सूज असेल किंवा तरीही दुखणं राहिलं, तर निघण्याआधीच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.