धर्मादाय हॉस्पिटलमधले ते दहा टक्के बेड आले कुठून?

हॉस्पिटल ट्रस्टचं आहे म्हटल्यावर बिल कमी येईल असं घरात सगळ्यांना वाटतं, आणि मग काउंटरवर डिपॉझिटचा आकडा ऐकला की पायाखालची जमीनच सरकते. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या काकूंना अ‍ॅडमिट करताना हेच झालं. तीन दिवस पैशांची जमवाजमव झाल्यावर एका वॉर्डबॉयने सांगितलं की अहो तुम्ही गरीब रुग्णांच्या कोट्यात बसता, सोशल वर्करला भेटा ना. हे आधी कुणीच का सांगितलं नाही? तेव्हापासून मी या कोट्याचा इतिहास वाचतेय, तो थोडक्यात इथे लिहिते.

सुरुवात दानापासून आहे. मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल १८४५ मध्ये सुरू झालं त्यात जमशेटजी जीजीभॉय यांचे पैसे होते, पुण्याच्या ससूनमागे डेव्हिड ससून यांची देणगी. पण तिथे पद्धत अशी की दानशूर माणसाने पैसे द्यायचे आणि हॉस्पिटल सरकारने चालवायचं. पुढे ट्रस्टनेच हॉस्पिटल काढायचं आणि चालवायचं हे वाढत गेलं. १९५० मध्ये मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला आणि असे ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांच्या म्हणजे चॅरिटी कमिशनरच्या देखरेखीखाली आले.

आता खरा मुद्दा. या ट्रस्टना सरकारने बरंच काही दिलं, कुणाला सवलतीत जमीन, कुणाला जास्तीचा एफएसआय म्हणजे प्लॉटवर जास्त बांधकामाची परवानगी, कुणाला टॅक्समध्ये सूट, आणि हा सगळा पैसा शेवटी लोकांचाच. मग ऐंशीच्या दशकात त्याच कायद्यात कलम ४१ एए घातलं गेलं, की सरकारी मदत घेतलेल्या आणि वर्षाला पाच लाखांपेक्षा जास्त खर्च असलेल्या ट्रस्ट हॉस्पिटलांनी काही बेड गरिबांसाठी ठेवायचे. साधारण त्याच काळात, १९८८ ला, केंद्राने बाहेरून येणाऱ्या मेडिकल मशिन्सवरची कस्टम ड्युटी माफ केली आणि तिथेही अट अशीच होती, ओपीडीतल्या किमान ४० टक्के पेशंटना फुकट तपासायचं आणि महिना ५०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी १० टक्के बेड ठेवायचे. मशिन आली, ड्युटी वाचली, अट मात्र बऱ्याच ठिकाणी फाईलमध्येच राहिली आणि प्रकरणं कोर्टात गेली.

महाराष्ट्रातल्या कलमाचंही तसंच झालं. कलम होतं पण कुणाला फुकट, किती, खर्च कुठून, याचा पक्का हिशोब नव्हता. २००४ मध्ये मुंबई हायकोर्टात जनहित याचिका आली आणि १७ ऑगस्ट २००६ ला कोर्टाने अख्खी स्कीमच ठरवून दिली, १ सप्टेंबरपासून लागू. १० टक्के बेड निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. बेड, नर्सिंग, जेवण, रोजच्या तपासण्या यांचं बिल निर्धन पेशंटला लावायचं नाही, औषधं आणि इम्प्लांट हॉस्पिटलच्या खरेदी किमतीने धरायचे आणि ते पैसे निर्धन रुग्ण निधीतून, म्हणजे आयपीएफमधून वळते करायचे. हा निधी भरायचा कसा, तर निर्धन आणि दुर्बल घटकातले सोडून बाकी सगळ्या पेशंटच्या एकूण बिलातले २ टक्के बाजूला काढून. म्हणजे डिलक्स रूमवाल्याच्या बिलातला एक हिस्सा जनरल वॉर्डातल्या माणसाच्या औषधाला जातो. मला ही कल्पना फार आवडते, खरंच.

पण गणित तिथेच अडकतं. बेड १० टक्के आणि निधी २ टक्के, त्यात एखादी मोठी हार्ट सर्जरी किंवा कॅन्सरची ट्रीटमेंट आली की निधी भराभर संपतो, आणि हॉस्पिटलवाले म्हणतात आमचा आयपीएफ मायनसमध्ये आहे. काही ठिकाणी ते खरंही असतं. उलट काही ठिकाणी पैसे पडून राहतात कारण पेशंटपर्यंत बातमीच जात नाही, किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मिळेपर्यंत डिस्चार्ज झालेला असतो.

उत्पन्नाची मर्यादा सुरुवातीला खूप कमी होती, ती वाढत वाढत आता निर्धन रुग्णांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार झालीय. राज्यात अशी चारशेच्या वर हॉस्पिटलं आहेत. बरेच जण याची महात्मा फुले जन आरोग्य योजनेशी गल्लत करतात, ती वेगळी, तिचे पैसे सरकार देतं, २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली होती.

आणि इमर्जन्सीबद्दल २००६ च्या स्कीममध्येच स्पष्ट लिहिलंय की पेशंटला लगेच दाखल करायचं, जीव वाचवणारे उपचार द्यायचे, डिपॉझिट मागायचं नाही. तरी एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर डिपॉझिटवरून एवढा गदारोळ झाला, आणि सरकारला तीच गोष्ट धर्मादाय हॉस्पिटलांना पुन्हा बजावून सांगावी लागली. मधे जवळजवळ एकोणीस वर्षं गेली होती.