सागरी कयाकिंग : कोकण किनारपट्टी

कयाक म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, अरुंद होडी. वल्हेकरी तिच्यात पुढे तोंड करून बसतो आणि दोन्ही टोकांना पाती असलेले एकच वल्हे आलटून पालटून मारतो. ग्रीनलंड आणि उत्तर अमेरिकेच्या ध्रुवीय किनाऱ्यावरील इन्युइट शिकाऱ्यांनी लाकडी सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ही होडी घडवली. आज ती पॉलिथिलीन किंवा फायबरग्लासची असते. अशा होडीतून खाडीत वा खुल्या समुद्रात केलेल्या प्रवासाला सागरी कयाकिंग म्हणतात. तंबू, शिधा आणि पाणी होडीतच भरून मुक्कामाला गेले की ते कयाक-कॅम्पिंग होते. अरुंद होडीचा तोल सांभाळण्याची विद्या कोकणाला नवी नाही. दक्षिण कोकणातली होडी बाजूला बांधलेल्या उलांडीच्या, म्हणजे तरंगत्या ओंडक्याच्या, आधाराने तोल धरते. कयाकला उलांडी नसते, त्यामुळे तो तोल कमरेने धरावा लागतो.

परदेशी पुस्तके थंड पाण्याच्या भयापासून सुरुवात करतात. कोकणात समुद्र क्वचितच २४ अंश सेल्सियसच्या खाली जातो, त्यामुळे इथला धोका वेगळा आहे : ऊन, दुपारचा वारा आणि खाडीचे मुख. यांपैकी शेवटचे दोन घड्याळाने चालतात. ते घड्याळ ज्याला वाचता येते, त्याची साधी होडीही सुखरूप परतते.

भरती-ओहोटी : दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात आणि रोजची वेळ सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणूनच तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोळ्यांचा हिशेब. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी सव्वानऊच्या आसपास. पंधरवडा शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. तो मुंबई परिसरात चांगला जमतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, म्हणून अंदाजासाठी तिथी आणि बेतासाठी बंदराचे भरतीचे कोष्टक वापरावे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे सर्वांत मोठा चढउतार असतो आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत लहान. उधाणाला मुंबईत पाण्याचा चढउतार चार मीटरच्या पुढे जातो, मालवणकडे तो साधारण दोन मीटर राहतो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला लोक चालत जातात आणि भरतीला त्याच जागी होडी लागते. निघताना दिसलेली पुळण परतताना तशीच असेल, असे धरून चालू नये.

पाणी सहा तास एकाच वेगाने उतरत नाही. चढउतार ३.६ मीटर असेल तर तासागणिक उतार साधारण ३०, ६०, ९०, ९०, ६० आणि ३० सेंटिमीटर असतो. निम्मे पाणी तिसऱ्या-चौथ्या तासातच वाहून जाते. त्या वेळी खाडीच्या अरुंद मुखातली ओढ वल्हेकऱ्याच्या वेगाला गाठते. सामान भरलेल्या कयाकचा टिकाऊ वेग ताशी पाचेक किलोमीटरच असतो.

वारा : ऑक्टोबर ते मे या काळात पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो. तो सकाळी पडतो आणि अकरा-बाराच्या सुमारास वायव्येचा खारा वारा सुरू होतो. दुपारी तीन-चारला तो ऐन भरात असतो. म्हणून उजाडताच निघावे आणि अकराच्या आत किनाऱ्याला लागावे. पाण्यावर जागोजाग पांढरा फेस दिसू लागला की वारा १२ नॉटांच्या (ताशी सुमारे २२ किलोमीटरच्या) आसपास आहे असे समजावे. नवशिक्यांनी त्याआधीच पाण्याबाहेर आलेले बरे. किनारा साधारण उत्तर-दक्षिण असल्याने रत्नागिरीहून मालवणकडे जाताना हा वारा पाठीमागून लागतो आणि उलट दिशेने तोंडावर येतो. लांबचा प्रवास दक्षिणेकडे आखावा, हे त्याचेच कारण. पाठीमागच्या वाऱ्याचाही एक दोष आहे. मागून आलेली लाट होडीची शेपटी उचलून तिला आडवी फिरवते, आणि आडवी झालेली होडी सहज उलटते.

ओहोटीचे पाणी खाडीतून बाहेर धावत असते आणि समोरून वायव्येचा वारा येतो, तेव्हा दोहोंची टक्कर मुखावर होते. कर्ली खाडी जिथे समुद्राला मिळते त्या देवबागसारख्या ठिकाणी वाळूच्या उथळीमुळे लाटा आखूड, उभ्या होतात आणि एकाच जागी फुटत राहतात. समुद्राच्या बाजूने पाहणाऱ्याला लाटेची गुळगुळीत पाठ दिसते, फुटलेला फेस पलीकडच्या अंगाला असतो. त्यामुळे मुख शांत वाटते आणि माणूस आत शिरतो. बाहेरूनच दहा मिनिटे थांबून पाहावे, स्थानिक होड्या कुठल्या पट्ट्यातून जातात ते बघावे. शक्य तर भरतीच्या शेवटच्या तासात आत यावे, तेव्हा पाणी खोलही असते आणि आतल्या दिशेनेच जात असते.

हंगाम : ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चपासून दुपारचा वारा वाढतो. एप्रिल-मे महिन्यांत दूरच्या दक्षिण महासागरातून आलेला लांब लाटांचा फुगवटा वारा नसतानाही किनाऱ्यावर मोठ्या लाटा आणतो. त्याचा इशारा हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती केंद्राकडून मिळतो. पावसाळ्यात, निदान १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात, खुला समुद्र वर्ज्यच. ऑक्टोबर-नोव्हेंबर मात्र निव्वळ निवांत समजू नयेत : फयान चक्रीवादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी याच किनाऱ्यावर आले होते. बंदरावर तीन नंबरचा (धोक्याच्या इशाऱ्याचा) बावटा लागला असेल तर होडी पाण्यात घालू नये.

साधने : शिकण्यासाठी वर उघडी बसायची कयाक बरी. ती बुडत नाही आणि उलटली तरी पुन्हा चढता येते. मुक्कामी प्रवासाला मात्र पावणेपाच ते साडेपाच मीटर लांब, ५५ ते ६० सेंटिमीटर रुंद बंद कयाक लागते. तिच्या पुढे-मागे पाणी न शिरणारे कप्पे आणि शेपटाकडे खाली सोडायचे लहान सुकाणूपाते असावे. वल्हे २१० ते २३० सेंटिमीटर लांब, आणि संघात एक जादा वल्हे. लाइफ जॅकेट अंगावर, पट्टे आवळून. होडीत ठेवलेल्या जॅकेटचा काही उपयोग नाही. हातपंप, वल्ह्याच्या पात्यावर चढवायची फुगवी पिशवी (उलटल्यावर पुन्हा चढताना आधारासाठी), १५ मीटर ओढदोर, शिट्टी, विजेरी आणि कमरेला सुरी. सुरी तुटलेल्या जाळ्यात अडकल्यास लागते. उत्तर कोकणात डोल या पिशवीसारख्या रोवलेल्या जाळ्यांचे खुंट आणि सर्वत्र जाळ्यांचे बोये असतात. दोन बोयांच्या मधून जाऊ नये, दोरी पाण्याच्या अगदी खाली असू शकते. सिंधुदुर्गात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असेल तर तिला बाहेरून पूर्ण वळसा घालावा. जाळे हे कुणाच्या तरी दिवसभराच्या पोटाचे साधन असते.

पाणी माणशी रोज पाच-सहा लिटर, मार्चनंतर त्याहून जास्त. त्यात मीठ-साखरेचे पाणी किंवा कोकम आगळाचे सरबत धरावे. निव्वळ पाणी पिऊन घाम गाळत राहिले तर गोळे येतात, डोके दुखते आणि निर्णय चुकू लागतात. पाण्याचे कॅन बैठकीच्या लगत, तळाशी ठेवावेत. तंबू-कपड्यांसारखे हलके सामान टोकांकडे. शेपूट जड झाले तर वाऱ्यात नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, सतत वाऱ्यापासून दूर ढकलली जाते आणि नाळ जड झाली तर होडी वाऱ्यात तोंड खुपसते. दोन्हींत एका हाताने जास्त वल्हवावे लागते आणि तासाभरात खांदा भरून येतो.

उलटल्यावर : पाणी आत येऊ नये म्हणून बैठकीभोवती ताणलेल्या झाकणाचा पुढचा फासा ओढायचा, मांड्या सोडवून बाहेर पडायचे आणि होडी व वल्हे हातातून सुटू द्यायचे नाही. वाऱ्यात रिकामी कयाक पोहणाऱ्यापेक्षा वेगाने पळते. सोबत्याने आपली होडी काटकोनात आणून उलट्या कयाकची नाळ स्वतःच्या होडीवर ओढून घ्यायची म्हणजे पाणी निथळते. मग ती सरळ करून दोन्ही होड्या शेजारी, घट्ट धरायच्या. पाण्यातल्याने पालथे होऊन मागच्या भागावर चढायचे, पाय आत सारायचे आणि मग वळून बसायचे. सरावाने हे दोन-तीन मिनिटांत जमते. सराव आधी खाडीच्या शांत पाण्यात करावा आणि नंतर हलक्या लाटांत. केवळ शांत पाण्यात शिकलेली सुटका लाटांत हमखास विसरते.

उतरणे व मुक्काम : खडपांवर कालवांच्या धारा पाय कापतात, खाडीच्या चिखलात पाकट हा काटेरी शेपटीचा मासा असू शकतो. म्हणून जाड तळाचे बूट घालावेत आणि पाय उचलून न टाकता सरकवत चालावे. पुळणीवर लागताना मोठ्या लाटांचा ताफा जाऊ द्यावा, मग लाटेच्या पाठीवरून आत यावे. उतरताना होडीच्या समुद्राकडच्या बाजूला उभे राहावे. भरलेली कयाक लाटेने किनाऱ्याकडे ढकलली जाते आणि मध्ये गुडघा आला तर मोडतो.

तंबू कालच्या भरतीच्या काडीकचऱ्याच्या रेघेवर लावू नये. दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात, हिवाळ्यात रात्रीची बहुधा चढी असते आणि अष्टमीकडून उधाणाकडे जाताना रेघ रोज वर सरकते. होडीही उंचावर ओढून बांधावी. सुरूच्या बनाची कड चांगली, माडाखालची जागा नव्हे : नारळ आणि झावळ्या पडतात. वाडी कुणाच्या मालकीची आहे ते विचारून, गावात सांगूनच मुक्काम करावा. कांदळवनात तंबू ठोकू नये. वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. तिथे वाळूवर शेकोटी आणि रात्रीचे झगझगीत दिवे टाळावेत.

निघण्यापूर्वी सागरी पोलीस ठाण्यात मार्ग, होड्यांची संख्या आणि परतीची वेळ कळवावी आणि ओळखपत्र जलरोधक पिशवीत सोबत ठेवावे. बंदराच्या जहाजमार्गापासून दूर राहावे, ओलांडायचाच तर काटकोनात आणि एकत्र. संकटात तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे. परदेशात वापरली जाणारी उपग्रह संदेशयंत्रे भारतात परवान्याविना बाळगता येत नाहीत, त्यामुळे जलरोधक पिशवीतला भरलेला मोबाइल, जादा बॅटरी आणि किनाऱ्यावर वेळेची वाट पाहणारा एक माणूस ही व्यवस्था आधी करावी. ठरलेल्या वेळेनंतर किती तासांनी त्याने फोन करायचा, हेही त्याला लिहून द्यावे.