टॅबलेट-टीव्ही जोडणी आणि पडद्याच्या आकाराची मर्यादा

टॅबलेटवरचे चित्र आणि आवाज वायरने किंवा बिनतारी पद्धतीने दूरचित्रवाणी संचावर आणणे म्हणजे टॅबलेट-टीव्ही जोडणी. ग्रामीण विदर्भात ही सोय मुख्यतः जिल्हा परिषदेच्या शाळांत, प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या घरी आणि शेतकऱ्यांच्या गावबैठकांत वापरली जाते. बोलताना ‘टॅब टीव्हीला लावणे’ एवढेच म्हणतात. लावण्याचे तंत्र किरकोळ आहे, खरी अडचण लावून झाल्यावर कळते. टीव्ही चित्र मोठे करतो, पण त्यात तपशिलाची भर घालत नाही. आणि पाहणारा लांब बसला, तर मोठेपणाचा फायदाही उरत नाही.

पार्श्वभूमी

२०१० मध्ये आयपॅड आला आणि टॅबलेट हा प्रकार लोकांच्या ओळखीचा झाला. भारतात ऑक्टोबर २०११ मध्ये विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ हा स्वस्त टॅबलेट जाहीर झाला. त्याचा पडदा अवघा ७ इंचांचा, ८०० बाय ४८० ठिपक्यांचा (पिक्सेलचा) होता. महाराष्ट्रात २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर गावोगावी लोकवर्गणीतून शाळा ‘डिजिटल’ करण्याची चढाओढ लागली. कुठे प्रोजेक्टर आला, कुठे भिंतीवर टीव्ही लागला. २०१७ मध्ये शालेय पाठांचे दीक्षा हे ॲप आले, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापले जाऊ लागले आणि गुरुजींच्या हातातल्या यंत्रावरचा पाठ साऱ्या वर्गाला दाखवायचा कसा, हा प्रश्न उभा राहिला. पुढे नागपूरला मुख्यालय असलेल्या महाज्योती संस्थेने इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जाती-जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी टॅबलेट दिले. तासन्‌तास ८-१० इंचांवर डोळे ताणण्यापेक्षा घरातल्या टीव्हीवर तास पाहावा, हे ओघानेच आले.

वायरने जोडणी

टीव्हीच्या मागची एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकत्र नेणारी) खाच आता बहुतेक सपाट संचांना असते. हे मानक २००२ च्या अखेरीस ठरले. टॅबलेटची बाजू मात्र दर पिढीत बदलत गेली. काही जुन्या टॅबलेटांना बारीक एचडीएमआय खाच होती. काहींत चार्जिंगच्याच मायक्रो-यूएसबी खाचेतून एमएचएल किंवा स्लिमपोर्ट पद्धतीने चित्र बाहेर पडे, आणि या दोन पद्धतींचे जोडतुकडे एकमेकांना चालत नसत. आता सी पिन (यूएसबी टाइप-सी खाच) आली आहे.

फसगत होते ती या सी पिनपाशी. खाच सारखी दिसते म्हणून काम सारखे असते असे नाही. सी पिनमधून चित्र बाहेर यायला टॅबलेटच्या आत डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड नावाची सोय लागते. ती महागड्या टॅबलेटांत असते. सॅमसंगच्या टॅब एस मालिकेतल्या महागड्या टॅबलेटांत २०१८ च्या टॅब एस४ पासून ती आहे, टॅब ए७ किंवा ए८ मध्ये नाही. शाळांत आणि विद्यार्थ्यांच्या हाती असतात ते बहुतांशी स्वस्त गटातले टॅबलेट. त्यांची सी पिन चार्जिंग आणि साध्या यूएसबीपुरतीच असते. तालुक्याच्या मोबाइल शॉपीत मिळणारी ‘सी टू एचडीएमआय’ केबल अशा टॅबलेटला लावली, तर टीव्हीवर ‘नो सिग्नल’ येते आणि दोष केबलवर जातो. केबल घेण्याआधी टॅबलेट सोबत नेऊन दुकानातल्या टीव्हीवर लावून पाहणे हाच खात्रीचा उपाय.

दुसरा सर्रास दिसणारा प्रकार म्हणजे चार्जिंगची वायर टीव्हीच्या यूएसबी खाचेत घालून चित्राची वाट पाहणे. ती खाच पेनड्राइव्हसाठी आहे. तिच्यातून टॅबलेटचा पडदा टीव्हीवर येत नाही. साध्या खाचेतून अर्ध्या अँपिअरच्या आसपास प्रवाह मिळतो, म्हणजे धड चार्जिंगही होत नाही.

बिनतारी जोडणी

स्वस्त टॅबलेटला म्हणूनच बिनतारी वाट धरावी लागते, आणि तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी येतात. मिररिंगमध्ये टॅबलेटवर जे दिसते तेच टीव्हीवर उमटते. २०१२ मध्ये वाय-फाय अलायन्सने आणलेली मिराकास्ट ही पद्धत या प्रकारातली. ती टॅबलेट आणि टीव्ही यांच्यात थेट दुवा जोडते. राउटर लागत नाही, इंटरनेट तर नाहीच. मेळघाटात किंवा गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीकडे, जिथे नेटवर्कसाठी टेकाड शोधावे लागते, तिथे आधी उतरवून ठेवलेले पाठ दाखवायला ही पद्धत कामाची. तिचा तोटा असा की टॅबलेटला चित्र क्षणोक्षणी आवळून पाठवावे लागते. त्यामुळे ते किंचित उशिरा पोचते, अक्षरांच्या कडा पुसट होतात आणि बॅटरी भराभर उतरते.

कास्टिंगमध्ये टॅबलेट फक्त हुकूम देतो, व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून ओढतो. २०१३ च्या क्रोमकास्टपासून ही पद्धत रुळली. चित्र स्वच्छ येते, टॅबलेट मोकळा राहतो, मात्र दोन्ही यंत्रे एकाच वाय-फायवर हवीत. घरी वाय-फाय नसेल तर तिसऱ्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून भागवतात, आणि दिवसाचा डेटा संध्याकाळच्या आत संपतो.

पैसे भरून पाहायच्या काही ॲपांचे चित्र मिररिंगमध्ये काळे पडते, आवाज तेवढा येतो. तो बिघाड नव्हे, नक्कल रोखण्यासाठी केलेली अडवणूक आहे. टीव्हीची सेटिंग कितीही बदलली तरी ती उठत नाही.

आकाराचे गणित

पडद्याचा आकार कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात. १०.१ इंची टॅबलेट आणि ३२ इंची टीव्ही यांच्या कर्णांत तिपटीहून थोडा जास्त फरक आहे, क्षेत्रफळात मात्र सुमारे साडेनऊ पट. गावात नेहमी दिसणाऱ्या ३२ इंची ‘एचडी रेडी’ संचावर १३६६ बाय ७६८ ठिपके असतात. साध्या १० इंची टॅबलेटवर १२८० बाय ८००. दोन्हीकडे गुणाकार दहा लाखांच्या थोडा पुढे जातो. तेवढेच ठिपके साडेनऊ पट जागेवर पसरायचे, म्हणून टॅबलेटवर इंचाला १४९ ठिपके पडतात आणि टीव्हीवर ४९. टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसलेल्या पोराला अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात त्या यामुळे. निरोगी डोळ्याला ४९ ठिपके वेगळे दिसेनासे व्हायला साधारण सहा फुटांचे अंतर लागते.

मागे सरकावे तर दुसरी मर्यादा आड येते. हातात दीड फुटावर धरलेला १० इंची टॅबलेट आणि पावणेपाच फुटांवरचा ३२ इंची टीव्ही डोळ्याला सारखेच मोठे दिसतात. सपरीत (ओसरीत) टीव्ही एका भिंतीला आणि बाज समोरच्या भिंतीला, मधे दहा फूट, अशा मांडणीत टीव्हीवरचे चित्र हातातल्या टॅबलेटपेक्षा लहानच दिसते. अभ्यासासाठी टॅबलेट टीव्हीला जोडणाऱ्या घरांत या एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होते. एकट्याने पाहायचे तर टीव्हीचा फायदा मान सरळ राहण्याचा आणि हात मोकळे राहण्याचा. अक्षर मोठे दिसण्याचा नव्हे. फायदा दिसतो तो चार-पाच जणांनी मिळून पाहताना.

वर्गात हिशेब आणखी कडक होतो. डोळे तपासताना २० फुटांवरून वाचायच्या सर्वांत बारीक ओळीतले अक्षर सुमारे ९ मिलिमीटर उंच असते. याहून लहान अक्षर तेवढ्या अंतरावरून चांगल्या नजरेलाही वाचता येत नाही, आणि आरामात वाचायचे तर याच्या दुप्पट-अडीचपट हवे. ३२ इंची टीव्हीची उंची जेमतेम ४० सेंटिमीटर. पाठ्यपुस्तकाचे तीस ओळींचे पूर्ण पान त्यावर उभे दाखवले, तर प्रत्येक ओळीला दीड सेंटिमीटरहून कमी जागा मिळते आणि अक्षर अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत उतरते. मागच्या रांगेला पान दिसते, मजकूर दिसत नाही. देवनागरीत ओळीच्या वर मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार, त्यात जोडाक्षरे, म्हणून आधी बुजतात त्या या बारीक खुणा. ‘पाणी’ आणि ‘पाणि’ यातला फरक लांबून कळत नाही. गणितात दशांश चिन्ह हरवते ते त्याहून वाईट. पडद्यावर एका वेळी आठ-दहा ओळींपेक्षा जास्त मजकूर न ठेवणे हा शिक्षकांच्या हातातला साधा उपाय. पान बोटांनी मोठे करावे किंवा टॅबलेटच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आणि डिस्प्लेचा आकार वाढवून ठेवावा.

काळ्या पट्ट्या

टीव्हीचा पडदा १६ ला ९ या प्रमाणात असतो. अँड्रॉइड टॅबलेट बहुधा १६ ला १०, तर आयपॅड दीर्घकाळ ४ ला ३ या प्रमाणात राहिला. प्रमाण जुळत नसल्याने मिररिंगमध्ये दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. १६ ला १० च्या टॅबलेटमुळे टीव्हीचा दहावा हिस्सा वाया जातो, ४ ला ३ च्या आयपॅडमुळे चौथा. असा आयपॅड ३२ इंची टीव्हीला लावला की प्रत्यक्षात २६ इंचांचेच चित्र मिळते. टॅबलेट उभा धरला तर टीव्हीचा जेमतेम तिसरा हिस्सा वापरात येतो. आडवा धरून पुस्तकाचे पान रुंदीभर ताणले तर पानाचा निम्म्याहून कमी भाग दिसतो आणि सारखे वर-खाली सरकवत राहावे लागते. यातून सुटका नाही, निवड आहे.

रिमोटवरचे ‘झूम’ दाबून पट्ट्या घालवण्याची हौस बऱ्याच जणांना असते. त्याने चित्र पडदाभर होते, पण वरचा-खालचा भाग कापला जातो, किंवा माणसे आडवी फुगतात. उलट काही संचांवर टीव्हीच चारही कडांचा थोडा भाग झाकतो. टॅबलेटवरची वेळ आणि बॅटरीची खूण टीव्हीवर दिसत नसेल तर हेच कारण समजावे. पिक्चर साइझमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडले की पूर्ण चित्र परत येते.

मिररिंग टाळून टीव्हीला वेगळा, स्वतःच्या प्रमाणातला पडदा देणारी यंत्रेही आहेत. सॅमसंगच्या महागड्या टॅबलेटांतला डेक्स आणि आयपॅडओएस १६.२ पासून एम-श्रेणीची चिप असलेल्या आयपॅडांना मिळालेला विस्तारित पडदा ही त्याची उदाहरणे. किंमत पाहता गावच्या शाळेत त्यांची गाठ क्वचितच पडते.

जुने संच

काचेच्या नळीचे, पाठीमागे फुगीर टीव्ही अजून काही घरांत छत्रीच्या (डिश अँटेनाच्या) डब्याला जोडलेले आढळतात. त्यांना एचडीएमआय नसते. लाल, पांढरी, पिवळी अशा तीन पिना असतात. ज्या टॅबलेटमधून वायरने चित्र बाहेर येते तो मधे परिवर्तक डबी लावून त्यांना जोडता येतो. घेताना डबीवर ‘एचडीएमआय टू एव्ही’ लिहिले आहे ना, हे वाचून घ्यावे, कारण उलट्या दिशेची डबी दिसायला हुबेहूब तशीच असते. डबीला वेगळा वीजपुरवठाही लागतो. एवढे करून चित्र येते ते ५७६ रेषांचे. त्यात १६ ला ९ चे चित्र ४ ला ३ च्या पडद्यात बसवले तर वापरात राहतात ४३२ रेषा, आणि टॅबलेटच्या बाजूच्या पट्ट्या धरून चारही बाजूंनी काळी चौकट. कीर्तन, गाणे, शेतीचा एखादा व्हिडिओ यांना हे चालते. मजकूर वाचायला हा संच निरुपयोगी आहे; त्यासाठी डबीवर पैसे घालू नयेत.

गावबैठकीत

सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा एखादा जाणता शेतकरी कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचे, सोयाबीनच्या पिवळ्या मोझॅकचे फोटो दाखवतो, तेव्हा जोडणी सर्वांत सहज काम करते. चित्राला ओळी वाचाव्या लागत नाहीत, आणि फोटो बोटांनी मोठा करत अळीचे तोंड किंवा पानाची शीर दाखवता येते. मात्र टीव्ही भिंतीवर उंच आणि माणसे खाली सतरंजीवर असली, तर स्वस्त पडद्याचे रंग खालून फिके किंवा उलटे दिसतात. रोगट पिवळेपणा ओळखायचा असेल तर टीव्ही बसलेल्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, टेबलावर ठेवलेला बरा.

वीज, उन्हाळा आणि पेनड्राइव्ह

रब्बीत कृषिपंप सुरू असले की व्होल्टेज पडते. टीव्ही बंद-चालू होतो आणि प्रत्येक वेळी मिररिंगचा दुवा नव्याने जोडावा लागतो. टॅबलेटला बॅटरी असल्याने तो चालू राहतो, म्हणून लाइन गेली तरी पाठ कुठे थांबला ते शोधावे लागत नाही, हा एक फायदा. उन्हाळ्यात अडचण टॅबलेटची असते. आयपॅडसाठी कंपनीने सांगितलेली वापराच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि टिनाच्या छपराखाली दुपारी काय होते ते सांगायला नको. चार्जिंगला लावून मिररिंग केले तर टॅबलेट आणखी तापतो, उजेड आपोआप मंदावतो, चार्जिंग थांबते. कव्हर काढून, कुलरच्या वाऱ्यात पण पाण्याच्या तुषारांपासून दूर ठेवणे आणि तास सकाळच्या शाळेत घेणे एवढेच करता येते.

एखादा ठरलेला व्हिडिओच दाखवायचा असेल तर या साऱ्या खटाटोपाची गरज नसते. तो पेनड्राइव्हवर उतरवून टीव्हीच्या यूएसबी खाचेत लावावा. चित्र मूळ दर्जाचे येते, बॅटरी, वाय-फाय, पट्ट्या यांचा प्रश्न उरत नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा, कारण तो जवळजवळ प्रत्येक टीव्ही वाचतो; त्यावर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही, म्हणून लांब व्हिडिओ तुकडे करून भरावा लागतो.